सात जणींचा काळा मसाला

"भेसळ शे! बठ्ठी भेसळ शे ह्यामा! नाना, बाहेर ये, नाहीतर तुझंच डोकं घालते उखळात!"

लीलाबाई ओरडत होत्या. आमच्या पारोळ्याच्या किल्ल्याच्या भिंतीला ज्या चिरा आहेत, त्यातल्या निम्म्या तोफांनी पडल्या आणि निम्म्या लीलाबाईंनी हाक मारल्यामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. सकाळच्या सुरत गाडीतून उतरून बाई घरी न जाता स्टँडवरून थेट माझ्या शेडवर आल्या होत्या. काखेत पिशवी, पिशवीत आमच्या काळ्या मसाल्याचं फोडलेलं पाकीट. ते त्यांनी माझ्या टेबलावर असं आपटलं की मला सलग अकरा शिंका आल्या आणि बाहेर बांधलेल्या बकरीला बारावी.

"पोराकडे गेलती मी. व्याही जेवायले येल व्हतात. रशी केली ह्या तुझ्या मसाल्याची. वर तेल, खाली पाणी, मधे काहीच नाही! व्याही म्हणे, हाई रशी शे का धुण्याचं पाणी? काय कालवलं तू यात? लाकडाचा भुसा? विटांची भुकटी?"

माझ्या मागे शेडमध्ये सात बाया चाळण्या धरून बसलेल्या. सातही चाळण्या थांबल्या. कोणीच कोणाकडे पाहिलं नाही, आणि ते मला फार खटकलं. माणूस निर्दोष असला की इकडेतिकडे बघतो.

आता मंडळी, तुम्हाला खरं सांगतो. उभ्या आयुष्यात माझ्यावर नाना आळ आले. त्यातले काही मी स्वतःच पसरवले. पण लीलाबाईंनी ज्या मसाल्याला भेसळ म्हटलं, तो खान्देशात आजवर झालेला सगळ्यात शुद्ध काळा मसाला होता. इतका शुद्ध की पाकीट उघडलं तर शेजारच्या घरातली वरणाची फोडणी लाजेने विझावी. आणि तोच खोटा ठरला. का, ते कळायला आधी माझा धंदा समजून घ्यावा लागेल.

मी मसाला कांडतो. म्हणजे दळत नाही, कांडतो. दळण चक्कीतलं. तिथे दोन दगड एकमेकांवर घासतात, मसाला तापतो, वास उडून जातो. कांडपात खाली लोखंडी उखळ आणि वर मोटरवर वरखाली होणारी मुसळं. मुसळ ठोके देतं, मसाला फुटतो, वास आतल्या आत राहतो. होळी झाली की आखाजीपर्यंत, फार तर रोहिणी लागेपर्यंत आमचा हंगाम. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे सासरच्या मुली माहेरी येतात, खापरावरची पुरणपोळी, आमरस आणि काळ्या मसाल्याची झणझणीत रशी, म्हणजे आमची आमटी. पुरणपोळी बिघडली तर सुनेला बोलणी बसतात. रशी बिघडली तर सुनेच्या माहेराला.

म्हणून खान्देशातली बाई आपला वर्षाचा मसाला दुसऱ्याच्या हाती देत नाही. घरी निवडते, उन्हात वाळवते, तेलावर भाजते, डब्यात भरते, डब्यावर फडकं बांधते आणि त्या डब्यासोबत स्वतः कांडपावर येते. चाळणी स्वतःची, कुंचा स्वतःचा, बसायचं पोतंही स्वतःचं. मुसळ चालू असेपर्यंत ती उखळावरून नजर हलवत नाही. मी एका बाईला बघितलंय, तिच्या नवऱ्याला समोरच्या रस्त्यावर मोटारसायकलने उडवलं, लोक ओरडले, बाई म्हणाली, "पाणी पाजा त्याले, मन्हा घाणा व्हवा दे."

आणि संशय! पोलीस खात्याने आमच्या बायांकडे शिकवणी लावावी. कांडताना मसाल्यात घट येते. भाजलेल्या वस्तूतला ओलावा जातो, बारीक पूड हवेत उडते. पण घट म्हटलं की ती माझ्याच घरी गेली, हे ठरलेलं. मी सांगायचो, "अक्का, तुझी घट माझ्या नाकात गेली. माझ्या फुफ्फुसात आज अख्ख्या तालुक्याचा मसाला आहे. मी मेल्यावर मला जाळतील तेव्हा धरणगावपर्यंत फोडणीचा वास जाईल." त्यावर अक्का म्हणायची, "जाईल तेव्हा जाईल. आत्ता उखळ खरवड."

एक निवृत्त हेडमास्तर स्वतःचा वजनकाटा घेऊन यायचे. माझा काटा खोटा म्हणून नव्हे, "तुलनेसाठी". एका बाईने, मी मिरची बदलतो की काय हे पकडायला, दोन मिरच्यांच्या देठांना लाल दोरा बांधून खूण केली होती. कांडून झाल्यावर बिचारी चाळणीत दोन तास त्या खुणेच्या मिरच्या शोधत बसली. सापडल्या नाहीत, म्हणजे मी मिरची बदलली. गावाने तो निवाडा मान्य केला.

आणि बाजारपेठेतल्या शेठाणीबाई. त्यांच्या घरी कांदा-लसूण चालत नाही, म्हणून मी दोन उखळं ठेवली. एक कांद्याचं, एक बिनकांद्याचं. तरी त्या यायच्या तेव्हा बिनकांद्याचं उखळ धुवायला लावायच्या, पुसायला लावायच्या, मूठभर धने कांडून फेकायला लावायच्या आणि मग वाकून उखळात नाक घालून वास घ्यायच्या. मी म्हणायचो, "शेठाणीबाई, मुलीसाठी स्थळ बघतानाही एवढी चौकशी करत नाहीत." त्या शांतपणे म्हणायच्या, "स्थळ परत करता येतं, नाना. मसाला वर्षभर खावा लागतो."

तर असं हे गाव, आणि अशा गावात मी गावाचं भलं करायला निघालो. शहाण्याने करू नये अशा गोष्टींत याचा नंबर विहिरीत उडी मारण्याच्या वर आहे.

मी मूळचा इथलाच. तरुणपणी सुरतेला साड्यांच्या छपाईत होतो. आमचा निम्मा खान्देश सुरतेत आहे. तिथे गावाहून एखाद्याच्या डब्यात मसाला आला की चाळीतली सगळी बिऱ्हाडं वाट्या घेऊन उभी राहायची, जणू गंगाजल आलंय. परत आल्यावर मी हे कांडप टाकलं. पण हंगाम संपला की मुसळं वर टांगलेली, नऊ महिने मी बसून माश्यांना नावं ठेवायचो. माश्या संपल्या, नावं संपली. तेव्हा डोक्यात आलं, गावातल्या बायांनी मिळून मसाला करावा, मी कांडावा आणि सुरतेला पाठवावा. शेतात कापूस वेचून कंबर मोडण्यापेक्षा सावलीत बसून काम, आणि फायद्यात सगळ्यांचा वाटा.

मी हे बोलून दाखवलं आणि गावात एकच प्रश्न उभा राहिला. नाना कोणत्या वॉर्डातून उभा राहतोय?

शेडसमोर मी पाणपोई ठेवली होती. साधा माठ, साखळीला बांधलेला पेला. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या माठाचा फोटो आला. खाली कोणीतरी लिहिलं, "सुरुवात झाली." एक माजी नगरसेवक माझ्याकडे संध्याकाळी चहाला आले. त्यांनी माठातलं पाणी प्यायलं, पेला उलटा करून खालून बघितला, जणू तिथे चिन्ह छापलंय.

"नाना, मोकळं बोला. वॉर्ड कोणता?"

"भाऊ, मी उभा राहत नाही."

"असं का?" त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे बायकोला उभं करताय."

"बायको तर मला घरातही उभं करत नाही."

ते उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही फार खोल आहात." पुढे निवडणूक आली, गेली, मी फॉर्म भरला नाही, तेव्हा तर गावाची खात्रीच पटली. नाना वॉर्डावर थांबणार नाही, थेट आमदारकी.

त्यामुळे बाया येईनात. नवरे म्हणत, आज मसाला चाळायला बोलावतोय, उद्या झेंडे शिवायला बसवेल. शेवटी कमलअक्का आली. कमलअक्का माझ्यापेक्षा वयाने मोठी, अंगाने माझ्या निम्मी, आणि बोलण्याने माझ्या चौपट. ती कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादम होती. तिने "चला" म्हटलं की टेम्पो भरायचा. तिने शेडभोवती एक फेरी मारली, माठातलं पाणी पिऊन बघितलं, आणि म्हणाली, "नाना, तुन्हा पोटमा काय शे ते माले म्हाईत नाही. पण काम सावलीमा शे. मी येते. अजून सहा जणी आणते. पण ध्यानात ठेव, त्या माझ्या शब्दावर त्यांची मजुरी सोडून येतील. हे बुडालं तर तू सुरतेला पळशील. मी कुठे जाऊ? उद्या मी 'चला' म्हणाले तर कुत्रं उठणार नाही."

इथे मी पहिल्यांदा थोडा घाबरलो. तोवर सगळी गंमत होती.

सात जणी जमल्या. आता प्रश्न आला, मसाला कोणाच्या घरचा करायचा? सात घरं, सात चवी, आणि प्रत्येकीच्या मते उरलेल्या सहा जणी भाजीत माती घालतात. मी तोडगा काढला. सगळ्यांनी आपापला मसाला सांगायचा, सगळ्यांचं चांगलं ते घेऊन एक गावचा मसाला करायचा.

त्या बैठकीसारखी बैठक दोन देशांच्या सीमेवर होत असेल. एकेक जण सांगू लागली. धने, खोबरं, लवंग, मिरे, दालचिनी, दगडफूल, बाद्यान, शहाजिरं, तमालपत्र, मसाला वेलची. भाजायचं कसं, तेल किती, मिरची कोणती. सगळं धडाधड. पण शेवटी प्रत्येक जण एक क्षण थांबायची, पदर घट्ट ओढायची आणि म्हणायची, "बस. एवढंच." सातही जणींचं "एवढंच" ऐकून मला वास आला होता. कांडपवाल्याचं नाक आहे, उगाच नाही. आमच्याकडे मसाला सांगायचा झाला तर एक वस्तू पोटात ठेवायची रीतच आहे. आई लेकीलाही बाळंतपणाला आल्यावर सांगते, लग्नात नाही. पण मी मनात म्हटलं, सात जणींनी सात वेगवेगळ्या वस्तू लपवल्या असतील. एकीने लपवलेली दुसरीने सांगितलीच असेल. गणित बरोबर होतं. फक्त बायांना गणित लागू पडत नाही, हे मी विसरलो.

पहिला घाणा बिनकांद्याच्या उखळातून निघाला. काळाभोर, तेलकट, घमघमीत. मी हौसेने शेठाणीबाईंना बोलावलं. त्यांनी चिमूट घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.

"वास राजवाड्याचा आहे," त्या म्हणाल्या.

मी फुललो.

"पण नाना, घरचा नाही."

मी म्हटलं, यांना संशयाचं व्यसनच आहे. माल सुरतेला धनराजभाऊंकडे रवाना झाला. धनराजभाऊ मूळचे पहूरचे, सुरतेत आपल्या लोकांच्या वस्तीत त्यांचं किराणा दुकान. आखाजीला अवकाश होता, पण चाखायला म्हणून लोकांनी पाकिटं नेली. आणि मग जे झालं ते लीलाबाईंच्या तोंडून तुम्ही ऐकलंच. लीलाबाई टेबलावर मसाला ओतून घरी गेल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ धनराजभाऊंचा फोन.

"नाना, लोक म्हणतात मसाला कारखान्याचा आहे. नुसता वास, अंग नाही. रशी पाण्यासारखी पळते. भेसळ केली म्हणतात."

"अहो, यात भेसळ कशाची करणार? सगळं समोर निवडलंय."

"तेच तर म्हणतात, काहीतरी जास्तीचं घातलंय म्हणून असं झालं. आखाजीच्या आधी एक खेप अजून घेतो, तुमच्या तोंडाकडे बघून. तीही अशीच निघाली तर मी पाकीटवाल्या कंपनीचा माल ठेवणार. मग तुमचं कांडप आणि तुमच्या बाया, तुम्ही बघा."

फोनचा आवाज मोठा होता. सातही जणींनी ऐकलं. आणि मग शेडमध्ये जे पेटलं!

"इंदूबाईनं काहीतरी लपाडेल शे," दगुबाई म्हणाली. दगुबाईचा नवरा कचेरीत कारकून, घर पक्कं, त्यामुळे तिचं बोलणंही पक्कं.

"मी? तुम्हीच केशर टाकत असाल घरी, आणि आम्हाला धने सांगितले!"

"केशर टाकणारी मी इथं चाळणी घेऊन बसली असती का?"

एकीने दुसरीच्या सासूला काढलं, दुसरीने पहिलीच्या माहेराला. सात जणींच्या सात पिढ्या त्या दुपारी शेडमध्ये येऊन गेल्या, आणि एकीचीही आब राखली गेली नाही. फक्त कमलअक्का गप्प होती. ती टेबलावर सांडलेला मसाला बोटाने गोळा करत होती. गोळा करून परत पसरत होती. मुकादमीण गप्प बसलेली मी कधी बघितली नव्हती. 

मग मी ती युक्ती केली, जी फक्त सुरतेत राहिलेल्या माणसालाच सुचते. तिथे मुकादम छपाईच्या कामगारांना एकेकटं बोलवायचा आणि नुसतं म्हणायचा, "मला कळलंय." त्याला काही कळलेलं नसायचं. पण कामगार घडाघडा बोलायचे.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई माठाशी पाणी प्यायला आली. मी शेजारी जाऊन हळूच म्हणालो, "इंदूबाई, मला सगळं कळलंय."

तिने पेला साखळीवर सोडून दिला. "कोनी सांगं?"

"उखळानं."

ती रडायलाच लागली. "नाना, तुमना पाया पडस. कोनले सांगू नका. मन्ही सासू टाके. वाईट वरसं व्हतात, मसाला वरीसभर पुरे नाही. म्हणून एक मूठ दादर भाजीसन टाके, रशी घट्ट व्हवाले. मग चव तशीच लागनी. आम्ही सांगत नाही कुणाला. ह्या बठ्ठ्या मोठ्या घरच्या. म्हणतील, मसाल्यात जवारी कालवणारं घर."

दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. आमच्याकडे तिला दादर म्हणतात. खमंग भाजलेली मूठभर दादर! मी गंभीर चेहरा केला, शपथ घेतली, तिला पाठवलं. मग दगुबाईला गाठलं.

"दगुबाई, मला कळलंय."

दगुबाईने आधी इकडे बघितलं, मग तिकडे, मग वर पत्र्याकडे. "यांच्या कानावर जाऊ देऊ नका. हे कचेरीत आहेत. लोक म्हणतील, कारकुनाच्या घरी मसाल्यात दादर टाकतात."

मी खोकून हसू गिळलं. पुढची बाई. दादर. तिच्या पुढची. दादर. एकीने तर दादर म्हणताना माझ्या कानाशी तोंड आणलं, आणि शेडमध्ये आमच्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून लग्न होऊन आलेली एक होती. मी म्हटलं, ही तरी काही रानातलं सांगेल, साल, मुळी, काहीतरी. ती म्हणाली, "दादर. आमच्याकडे पिकत नव्हती, तरी विकत आणून टाकायचो."

आणि प्रत्येकीने मला शपथ घातली. कोणी पोराची, कोणी कानबाई देवीची, एकीने तर माझ्याच मुसळाची. सहा शपथांनी मी बांधलेला बैल झालो होतो. राहिली कमलअक्का.

"अक्का, मला कळलंय."

"काय कळलं ते सांग."

मुकादमीण ती. मी सुरतेचा असेन, ती असोद्याची. भरताची वांगी हातात घेताच कोणती आतून किडकी ते ओळखणाऱ्या गावची. मी गडबडलो. "म्हणजे... तू एक वस्तू सांगितली नाहीस."

"नाही सांगितली." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला काहीच कळलेलं नाही, नाना. पण माझ्या शब्दावर सहा जणी आल्या आहेत, म्हणून सांगते. आमच्या घरी गरिबी होती. सासू मसाल्यात एक मूठ दादर टाकायची. मला वाटलं, गावच्या मसाल्यात ही गरिबी कशाला? चांगला मसाला होऊ दे एकदा. सगळ्यांचा. त्यात आपली मूठ नको." तिने पदर खोचला. "आता तो चांगला झाला आणि कुणाला चालत नाही. पण हे मी त्यांच्यासमोर सांगणार नाही. मुकादमीण आहे मी त्यांची. आणि तूही सांगायचं नाहीस, शपथ आहे तुला."

मी चेहरा असा केला, जसं दादर हा शब्दच आज पहिल्यांदा ऐकतोय. त्या चेहऱ्यासाठी मला नाटक कंपनीने उचलून न्यायला हवं होतं.

पण आता अडचण बघा. मला औषध कळलं आणि तोंड शिवलेलं. दादरचं नाव काढलं तर सात शपथा मोडतात. न सांगितलं तर कमलअक्काची मुकादमी बुडते, सहा जणी परत उन्हात कापसाला जातात, आणि गाव म्हणतं, बघा, म्हणूनच उभा राहिला नाही. प्रत्येकीला ठाऊक होतं मसाल्यात काय कमी आहे. प्रत्येकीला वाटत होतं, ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. आणि मसाला तसाच निर्मळ, निष्पाप, निकामी.

घाण्याच्या दिवशी मी बाजारातून एक लहान पोतं भरून दादर आणली. स्वच्छ, टपोरी. भाजण्याच्या कढईशेजारी ठेवली, तोंड उघडं सोडलं, आणि मोठ्याने म्हणालो, "ही माझ्या घरची दादर आहे गं. भाकरीची. चक्कीवर न्यायची राहिली. असू दे इथेच, कोणाच्या पायात येत नाही ना?"

सात जणी एका सुरात म्हणाल्या, "नाही, नाही."

"मी जरा बाजारपेठेत जाऊन येतो. चहा घेईन. वेळ लागेल."

"जा ना, जा," दगुबाई म्हणाली, आणि इतक्या मायेने म्हणाली की मला तिथेच कळलं.

चहाच्या दुकानात मी इतके चहा प्यायलो की दुकानदाराला संशय आला, मी प्रचार करतोय. परत आलो तर मुसळं दणदणत होती आणि सात बाया अशा शांत बसल्या होत्या, जणू सत्यनारायणाची पूजा चालली आहे. कोणाचा पदर खोचलेला, कोणाच्या हाताला भाजल्याचा काळा डाग. शेडमध्ये वास बदलला होता. मागचा राजवाड्याचा होता. हा वास ऐन दुपारी आपल्याच घराच्या दारात उभं राहिल्यावर येतो तसा. पोत्याकडे मी बघितलं नाही. मी सभ्य माणूस आहे.

संध्याकाळी शेठाणीबाई बिनकांद्याच्या उखळासाठी आल्या होत्या. त्यांनी न बोलावता चिमूट घेतली. डोळे मिटले नाहीत. फक्त म्हणाल्या, "अर्धा किलो माझ्याकडेही पाठवा." आणि मग खालच्या आवाजात, "आमच्या सासूबाईही घालायच्या." काय ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्याकडे आता आठवी शपथ घ्यायला जागा नव्हती.

पुढच्या खेपेपासून पाकिटावर सगळ्या वस्तू छापल्या. सगळ्यात शेवटी, इतरांच्याच मापाच्या अक्षरात, 'भाजलेली ज्वारी'. सातही जणींनी ते पाकीट वाचलं. सातही जणींनी माझ्याकडे पाहिलं. प्रत्येकीला वाटलं नानाने आपलंच गुपित छापलं, आणि ते आपल्या घरचं हे इतर सहा जणींना कळलं नाही, हे बरं झालं.

पण ते नंतर. त्या खेपेची पाकिटं अजून सुरतेच्या वाटेवर होती तेव्हा लीलाबाई परत आल्या. मीच एक पाकीट त्यांच्या घरी पाठवलं होतं, घाबरत घाबरत. बाई दारातूनच ओरडत आल्या.

"नाना! काय टाकलं यात? सांग आत्ताच्या आत्ता!"

मी टेबलामागे सरकलो. "का, लीलाबाई? पुन्हा रशी फाटली?"

"फाटली? माझ्या सासूच्या हातची रशी झाली मेल्या! म्हातारा सासरा ताट चाटून बसला, म्हणे लीले, आज आईनं केली काय? पंधरा पाकिटं दे. सुरतेला पाठवते, व्याह्यांच्या तोंडावर मारते!" आणि मग त्यांचे डोळे बारीक झाले. आमच्या गावात आनंद झाला की त्याच्या मागोमाग संशय येतोच. "पण मागच्या वेळी हे नव्हतं. या वेळी आहे. काय टाकलं?"

मुसळं बंद होती.  सात चाळण्या हातात तशाच. लीलाबाई शेडभर फिरल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात वाकल्या, आणि शेवटी कढईशेजारच्या पोत्यापाशी थांबल्या. पोतं लुळं पडलं होतं. त्यांनी हात घातला, तळाशी उरलेले चार दाणे काढले, तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"हाई काय व्हतं यामा?"

"दादर," मी म्हणालो. "माझ्या घरची. भाकरीची."

"भरेल पोतं व्हतं?"

"भरलेलं होतं."

"मग गई कुठे?"

मी सातही जणींकडे पाहिलं. सातही जणी सात दिशांना पाहत होत्या. कमलअक्काने चाळणी उचलली, एकदा झटकली, आणि मान वर न करता म्हणाली,

"उंदीर लागनात."